सुई चालते, पाणी चालत नाही

(10 मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, उमरीत झालेल्या युवकांच्या बैठकीतले भाषण. बोलले तसेच छापले आहे. भाषा 'शुद्ध' केलेली नाही.)

पोरी मागं बसल्यात. त्यांनी आधी पुढं यावं. जे सांगायचं ते त्यांच्यासाठीच जास्त आहे. पोरं मागं बसली तरी चालतील, त्यांना ऐकू जाईल एवढा आवाज मला आहे. रात्रपाळीला अख्ख्या वार्डाला एकटीनं हाका द्यायची सवय आहे.

कार्यकर्ते म्हणले, ताई, सावित्रीबाईंवर बोला. मी म्हणलं, बोलते, पण फोटोतल्या सावित्रीबाईंवर नाही. फोटोत त्यांच्या हातात पुस्तक असतं. ते खरंच आहे. पण त्यांचा शेवट पुस्तकानं झाला नाही. 1897 साली पुण्यात प्लेग आला. लेक यशवंत डॉक्टर होता, त्यानं हडपसरला दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर प्लेगनं तापलेलं होतं. ते सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेतलं आन् दवाखान्यात नेलं. पोर वाचलं. सावित्रीबाई गेल्या. 10 मार्च 1897. म्हणजे आपल्याला शिकवणारी बाई शेवटी आपलीच नर्स होऊन मेली. अंगाला अंग लावून मेली. जात विचारून नाही.

म्हणून आज मी नर्सच्या पहिल्या नोकरीवर बोलणार आहे. नोकरी लागली की पेढे सगळेच खातात. लागायच्या आधी काय काय खावं लागतं ते कोणी सांगत नाही.

आधी माझ्या आजीचं सांगते. उमरीला इतिहास आहे म्हणतात. खरंच आहे. 30 जानेवारी 1948 ला निजामाच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांनी इथली बँक लुटली, लढ्याला पैसा लागत होता म्हणून. 17 सप्टेंबर आला की भाषणात ती गोष्ट येतेच. यायलाच पाहिजे. पण त्याच गावांत, त्याच घरांत, माझ्या आजीसारख्या बाया बाळंतपणं करत होत्या, त्यांचा इतिहास कोणी सांगत नाही. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या बाया. गावातल्या मोठ्या वाड्यातली सून अडली की रात्री कंदील घेऊन माणूस यायचा. आजी मागच्या दारानं आत जायची. आडवं आलेलं मूल हातानं फिरवायची, नाळ कापायची, सगळी घाण काढायची. तोपर्यंत विटाळ नाही. मूल रडलं, सुनेचे डोळे उघडले, की लगेच विटाळ सुरू. मग घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, आन् आजीला मागच्याच दाराला ज्वारीचं पायलीभर धान्य आन् जुनेर. हा पगार नव्हता. भीक होती, आन् तीही हक्काची नाही.

छप्पन सालानंतर आपल्या वाड्यानं मेलेली ढोरं वढणं सोडलं. तेव्हा आजीलाही लोक म्हणले, तू बी सोड. आजी म्हणली, "ढोर मेलेलं असतंय बाबा, ते पडू द्या. बाई जित्ती असतीय. तिला कशी सोडू?" त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुढाऱ्यांजवळ नव्हतं. माझ्याजवळ आज आहे. बाईला सोडायचं नाही, मागचं दार सोडायचं. काम तेच करायचं, पण शिकून, कागद घेऊन, पगार घेऊन, पुढच्या दारानं. एवढ्यासाठीच मी नर्सिंगला गेले.

2018 साली मी जीएनएम पास झाले. तीन वर्षं. ह्या तीन वर्षांचा हिशेब साधा आहे. कॉलेजला फी आधी लागते, शिष्यवृत्ती मागून येते. मधल्या खड्ड्यात आपली माय पडते. माझ्या मायनं कानातलं मोडलं, पुढच्या वर्षी कापूस वेचणीची उचल घेतली. निकाल लागला तेव्हा मायला वाटलं, झालं आता, पोरगी कमवाया लागली. मला बी तसंच वाटलं. पण निकाल म्हणजे नोकरी नव्हे. निकाल लागला की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. तो नंबर हातात नाही तोवर तुम्ही कायद्यानं नर्स नाहीत. आन् नंबर येईपर्यंतचे महिने हेच खाजगी दवाखान्यांचं सुगीचं पीक.

मी प्लास्टिकच्या फायलीत कागद घातले आन् सकाळच्या गाडीनं निघाले. उमरी, मुदखेड, नांदेड. दिवसभर डॉक्टर लेनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायऱ्या चढले. पहिल्या ठिकाणी विचारलं, अनुभव? मी म्हणलं, नाही. ते म्हणले, अनुभव घेऊन या. अनुभव कुठं विकत मिळतो ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी, कौन्सिलचा नंबर? मी म्हणलं, अर्ज दिलाय. ते म्हणले, मग शिकाऊ म्हणून या, पगार नाही, डबा देऊ. मी तिथं बसलेली असताना पांढऱ्या कपड्यातल्या एका मावशीनं पेशंटला सलाईन लावलं. तिला कौन्सिलचा नंबर तर सोडाच, सातवीचा दाखला नव्हता. तिनंच मला नंतर सांगितलं. बिचारीचा दोष नाही. तिला तीन हजारात नर्स केलं होतं. म्हणजे जी शिकली तिला शिकाऊ म्हणायचं, आन् जी शिकली नाही तिला सिस्टर म्हणायचं. दोघीही स्वस्तात.

तिसऱ्या ठिकाणी मुलाखत झाली. माझ्या आडनावावरून जात लागत नाही. त्यामुळं साहेबांची पंचाईत झाली. आडनाव दोनदा वाचलं. मग, "मूळ गाव?" मी म्हणलं, उमरी. "उमरीत घर कुठं?" हा प्रश्न इथल्या सगळ्या पोरींनी नीट ध्यानात ठेवावा. तो पत्ता विचारत नाही. मी म्हणलं, भीमनगर. साहेब हसले. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणले, "चांगलं आहे. तुमच्या लोकांना कामाची सवय असते."

घेतलं मला. सहा हजार रुपये, बारा तासांची ड्युटी, महिन्यातून दोन सुट्ट्या. आन् एक अट. दहावीपासूनचे सगळे मूळ कागद दवाखान्यात जमा करायचे. वर्षाच्या आत सोडलं तर दोन महिन्यांचा पगार भरा, मग कागद न्या. मी सही केली. लाजायचं काय त्यात, मायची उचल डोक्यावर होती.

आता हे कागद म्हणजे काय ते जरा बघा. 1978 साली, 27 जुलैला, विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आन् मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं माणसं कशासाठी झगडली? पोरांच्या शिक्षणाच्या कागदावर एक नाव यावं म्हणून. आन् त्याच मराठवाड्यात आज त्यांच्या नातींचे कागद एका डॉक्टराच्या लोखंडी कपाटात सहा हजारावर तारण पडलेत. सावकाराकडं भांडं ठेवावं तसे.

दवाखान्यात जात कुठंच लिहिलेली नव्हती. ड्युटीचा तक्ता मात्र दर आठवड्याला भिंतीवर लागायचा. नवजात बाळांची खोली, ऑपरेशन थिएटर ठराविक पोरींना. जखमा धुणं, बेडपॅन, संडासला नेणं, मेलेल्या माणसाला बांधणं ठराविक पोरींना. बेडपॅनची मला लाज नाही. ते नर्सिंगच आहे, जगातल्या सगळ्या नर्सा ते करतात. माझा प्रश्न एवढाच होता की तक्त्यात ते दर आठवड्याला त्याच नावांपुढं कसं येतं? विचारलं तर उत्तर, "तुझा हात चांगला आहे." आजीचा हात पण चांगलाच होता.

आन् मग ती रात्र. एक म्हातारी दाखल होती, साखर वाढलेली. तिची लेक उशाला. मी सलाईन बदललं, इंजेक्शन दिलं, मायलेकी दोघी "सिस्टर, सिस्टर" करत होत्या. लेकीनं सहज विचारलं, तुम्ही कुठल्या, कोणाच्या? मी सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं. थोड्या वेळानं म्हातारीनं पाणी मागितलं. मी गिलास भरला. लेक उठली, माझ्या हातातला गिलास घेतला नाही, दुसरा भरला. म्हणली, "राहू द्या सिस्टर, पाणी मी पाजते. तुम्ही सुई तेवढी द्या."

सुई चालते. पाणी चालत नाही. सुईतून औषध रक्तात जातं, ते चालतं. पाणी नुसतं घशातून जातं, ते चालत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिथून नव्वद वर्षं चालत आलो, आन् पोचलो कुठवर, तर गिलासापर्यंत. गिलास अजून बाकी आहे.

त्या रात्री मी रडले नाही, इंजेक्शनच्या वेळा वहीत लिहिल्या. कारण सहा वाजता पुढचा डोस होता. म्हातारीवर राग काढता येत नाही. आजीचा प्रश्न तोच आहे, बाई जित्ती आहे, तिला सोडायचं कसं? पण ज्या व्यवस्थेनं तिच्या लेकीला ते शिकवलं तिला सोडायचं काही कारण नाही.

कागद कसे सोडवले ते सांगते, कारण इथं बसलेल्या तिघी-चौघींचे कागद आज असेच अडकलेत, मला ठाऊक आहे. माझ्याबरोबर लातूरकडची एक पोरगी होती. आपल्या जातीची नाही, आपल्याहून वरच्या जातीची. तिला पाणी पाजायची बंदी नव्हती. पण तिचे कागद त्याच कपाटात होते. तिला घरी जायचं होतं, बाप आजारी होता, दवाखाना म्हणे बारा हजार भर. तव्हा मला कळलं, जातीचं दुखणं माझं एकटीचं, पण कपाट दोघींचं आहे. आम्ही चौघी झालो. आपली काही पोरं म्हणली, ताई, आम्ही येतो, दवाखान्याच्या काचा ठेवत नाही. मी म्हणलं, काचा राहू द्या, तिथं पेशंट झोपलेत. तुम्ही फक्त एक करा, आमचा अर्ज टाईप करून आणा.

अर्ज लिहिला. आमचे मूळ कागद परत द्या, ते ठेवण्याचा तुम्हाला हक्क नाही. चौघींच्या सह्या. एक प्रत सहायक कामगार आयुक्तांना, एक नर्सिंग कौन्सिलला. आन् दवाखान्यात देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्क्यासकट, तारखेसकट. क्लार्क शिक्का देत नव्हता. आम्ही चौघी दोन तास खुर्च्यांवर बसून राहिलो. बस्स, एवढाच आमचा मोर्चा. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं. कागद मिळाले. शेवटच्या महिन्याचा पगार बुडाला तो बुडालाच, खोटं सांगणार नाही. पण तव्हापासून मी एक शिकले. मोर्चा काढायच्या आधी पोच घ्या.

हे आम्हीच केलं असं नाही. 2011 च्या ऑक्टोबरात मुंबईत एका केरळी नर्सनं आत्महत्या केली. बाँड आन् अडकवलेले कागद ह्यावरून नर्सा रस्त्यावर आल्या. त्याच काळात केरळात खाजगी दवाखान्यांच्या नर्सांनी आपली संघटना बांधली, संपावर संप केले, आन् 2018 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारला खाजगी नर्सांचं किमान वेतन 20,000 रुपये जाहीर करावं लागलं. त्यांनी देव बदलला नव्हता, रजिस्टर उघडलं होतं, सभासदांचं.

आपल्याकडंही कागदावर काही कमी नाही. 29 जानेवारी 2016 ला सुप्रीम कोर्टानं खाजगी नर्सांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार. 100 ते 200 खाटा, तर फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100, तर फार तर 25 टक्के कमी. अन् 50 च्या आतला दवाखाना असला तरी 20,000 च्या खाली नाही. माझा दवाखाना पन्नासच्या आतला होता. मला सहा हजार होते, ते ह्या शिफारशीनंतर दोन वर्षांनी. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. शिफारशीला हात-पाय नसतात, ते आपण द्यायचे असतात.

मग तुम्ही म्हणाल, सरकारी नोकरी धरा. धरा की! अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या आयोगात 35,400 पासून सुरू होतं. म्हणूनच तिथं दार अरुंद करून ठेवलंय. 2020 ला कोरोना आला तव्हा आम्हाला घरून बोलावून नेलं. तीन महिन्यांची ऑर्डर, टाळ्या, थाळ्या, फुलं. लाट ओसरली, ऑर्डर संपली. 2021 ला आरोग्य खात्याची मोठी परीक्षा झाली, पेपर फुटला, खात्यातलेच अधिकारी पकडले गेले, परीक्षा रद्द झाली. 2022 च्या मे महिन्यात सरकारी नर्सा संपावर गेल्या, कशासाठी, तर भरती ठेकेदाराकडून करू नका म्हणून. तरी 6 सप्टेंबर 2023 ला सरकारनं नऊ खाजगी संस्थांकडून माणसं घ्यायचा निर्णय काढलाच. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात मागं घेतला. ठेकेदाराच्या दारात रोस्टर नसतं, पोरांनो. आरक्षण कोणी रद्द करत नाही. नुसती कायम नोकरी रद्द करतात, आरक्षण आपोआप हवेत राहतं.

ह्याची किंमत कोण देतं? 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर आपल्याच नांदेडच्या सरकारी दवाखान्यात 24 तासांत 24 माणसं मेली, त्यात 12 नवजात बाळं. औषधं, माणूसबळ, रिकाम्या जागा, सगळ्याची चर्चा झाली. आन् मग एक खासदार आले, त्यांनी अनुसूचित जमातीतून आलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला, संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. खाटा कमी, नर्सा कमी, औषध कमी, पण झाडू कोणाच्या हातात द्यायचा ते बरोबर कळलं. आपला माणूस दवाखान्याचा प्रमुख झाला तरी त्याचा तक्ता भिंतीवर लागलेलाच आहे.

आता आपल्याकडं बोट करते. राग आला तर येऊ द्या. आपण जयंतीला डीजे लावतो, वर्गणी हजारोंनी जमते. 2023 च्या भरत्यांत मागासवर्गाला एका फॉर्मची फी 900 रुपये होती. एका फॉर्मची! पोरगी पाच ठिकाणी भरणार म्हणली तर साडेचार हजार. माझ्या वेळी वाड्यात एकानं विचारलं नाही की ताई, फॉर्म भरला का? विचारलं ते हे, की रातपाळी कशाला करते, लग्न कसं जमंल? बाहेरचा पाणी चालत नाही म्हणतो, घरातला रात्र चालत नाही म्हणतो. पोरगी जाईल कुठं? क्रांतीच्या कविता लिहिणारांनी आपल्या बहिणीला रात्रीच्या गाडीला स्टेशनवर सोडायला जावं. ती बी क्रांतीच आहे.

आन् जात वैधता. निवड झाली की कागद मागतात, 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा. आजोबा शाळेत गेले नाहीत, तर दाखला कुठून? निजामाच्या काळची नोंद उर्दूत, ती वाचणारा शोधा. चुलत्याच्या दाखल्यावर बौद्ध, आत्याच्या दाखल्यावर महार, बापाच्या दाखल्यावर नुसतं हिंदू. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलतीसाठी 1990 पर्यंत थांबावं लागलं, आता दाखला जुळेना म्हणून थांबा. मी 2023 ची परीक्षा पास झाले, 2024 ला ऑर्डर आली, कारण माझी वैधता आधीच झालेली होती. माझ्याहून जास्त मार्कांची एक मैत्रीण कागदासाठी फिरत राहिली. हुशारीनं नाही, फायलीनं माणूस मागं राहतो.

म्हणून पोरींनो, नीट ऐका. निकालाच्या दिवशीच कौन्सिलचा अर्ज करा. मूळ कागद कोणाला देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. नेमणुकीचा आदेश लेखी मागा, पगार बँकेत मागा, रोख नको. ड्युटीच्या तक्त्याचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. चार महिन्यांचे तक्ते जवळ असले की भिंत आपोआप बोलते. एकटीनं भांडू नका, कपाट ज्यांचं ज्यांचं आहे त्या सगळ्यांना घ्या, जात कोणतीही असो. आन् आपली जात कोणी विचारली तर सांगा. खाली मान घालून नाही. गिलास भरून हातात धरा. घेतला तर घेतला. नाही घेतला तर ती त्यांची तहान आहे.

आन् पोरांनो, तुमचं काम. यंदाच्या वर्गणीतून एक कपाट घ्या, विहारात ठेवा. त्यात कोणाचे कागद तारण ठेवायचे नाहीत, वाड्यातल्या घराघराचे जुने दाखले, कोतवाल बुकाचे उतारे, वंशावळी नीट लावायच्या. एकाच्या वैधतेचा कागद दहा भावकीला उपयोगी पडतो. ज्याला उर्दू वाचता येतं अशा एखाद्या जाणत्या मुसलमान चाच्याला चहा पाजून बसवा. फॉर्मच्या तारखा फळ्यावर लिहा. पाच पोरींची फी मंडळानं भरावी. डीजेचा एक डबा कमी आणा, बाबासाहेबांना ऐकू कमी येणार नाही.

माझी सुट्टी महिन्यातल्या दुसऱ्या आन् चौथ्या रविवारी असते. मी इथं बसेन. वही आणलीय. ज्यांची वैधता राहिलीय, ज्यांचे कागद कुठल्या दवाखान्यात अडकलेत, त्यांनी उठायच्या आधी नाव लिहून द्यावं. दवाखान्याचं नाव, तारीख, आन् पोच आहे का नाही ते बी लिहा.

पोच नसंल तर उद्या सकाळच्या गाडीनं आपण घ्यायला जाऊ.

जय भीम.